उजवीकडची सावली

आमच्या घरात सावली कायम उजवीकडे पडायची. उजवीकडे आणि जराशी खाली. माझे अब्बा पेंटर होते, लातुरात दुकानांचे बोर्ड रंगवायचे. अक्षराच्या उजव्या अंगाला गडद सावली दिली की अक्षर बोर्डावरून उठून पुढं येतं, हा त्यांच्या धंद्यातला पहिला धडा. तो त्यांना त्यांच्या उस्तादांनी दिला आणि त्यांनी मला. मी चौथीत असेन, तेव्हापासून अब्बा अक्षर लिहायचे आणि मी मागून सावली भरायची. "हात टिका, सांस रोक, ब्रश एकीच बार खींच," एवढंच ते बोलायचे. त्यामुळं दुनियेत ऊन कुठूनही येवो, सावली उजवीकडेच, याबद्दल मला पंधराव्या वर्षापर्यंत तिळमात्र शंका नव्हती.

गंजगोलाईच्या बाजारामागच्या एका गल्लीत आमच्या दोन खोल्या होत्या आणि पुढं अंगण. अंगणात निम्मे पाण्याचे ड्रम आणि निम्मे वाळत घातलेले बोर्ड, माणसांनी त्यातून वाट काढायची. अम्मी शिवणकाम करायची. मशीनचा खडखड आवाज थांबला की समजायचं, एक तर दोरा तुटला किंवा भाकरीची वेळ झाली. अंबाड्याची भाजी, ज्वारीची भाकरी, वर कच्चा कांदा. जुम्म्याच्या दिवशी खिचडी आणि चिंचेचा खट्टा. भाकरीच्या पहिल्या घासाला इनॅमल पेंटचा आणि रॉकेलचा वास यायचा, कारण अब्बांच्या नखांतला रंग काही केल्या निघायचा नाही आणि परात त्यांनीच पुढं ओढलेली असायची. आम्हाला त्यात काही वावगं वाटायचं नाही. आज माझ्या घरी कुणाला रंगाचा वास सोसत नाही, आणि मला मात्र नवा डबा उघडला की भूक लागते. हसण्यासारखं आहे, पण खरं आहे.

भूकंपानंतरच्या त्या वर्षांत लातुरात दोनच गोष्टी वाढून राहिल्यात, असं अब्बा म्हणायचे: पत्र्याची शेडं आणि क्लासेस. खाली पिठाची गिरणी, वर केमिस्ट्री. ज्या गोदामात कालपर्यंत तुरीची पोती होती तिथं बाकं आली. लांबलांबची पोरं ट्रंका घेऊन यायला लागली आणि घरमालकांनी न्हाण्यासुद्धा भाड्यानं दिल्या. क्लास म्हटला की बोर्ड आला, त्यामुळं अब्बांना दम घ्यायला फुरसत नव्हती. फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स ही अक्षरं त्यांनी इतक्या वेळा लिहिली की ती ते डोळे मिटून लिहू शकले असते. अर्थ मात्र मला विचारायचे. एकदा शिडीवरून पडून त्यांचं उजवं मनगट मोडलं आणि वाकडंच जुळलं. त्यानंतर त्यांनी ठरवून टाकलं. मी नववीत गेले त्या दिवशी जेवताना म्हणाले, "इस साल का गॅदरिंग हुआ की ब्रशां पेटी में. दसवी में क्लास. डॉक्टर होना. बोर्ड पे नाम लिखनेवाली नक्को, बोर्ड पे जिस का नाम रहता, वो होना."

"और ड्रॉइंग?" मी विचारलं.

"ड्रॉइंग पेट भरती क्या? मेरा हात देख." आणि वाकडं मनगट त्यांनी भाकरीवर धरलं. अम्मी म्हणाली, जेवू तर द्या पोरीला. मी जेवले, पण मनात एवढंच होतं की माझ्याकडं आता गॅदरिंगपर्यंतचेच दिवस उरलेत.

आमच्या शाळेत चित्रकलेला बिराजदार सर होते. उदगीरकडचे, कपाळाला भस्म, पांढरा सदरा, आणि चिडले की तोंडातून कन्नड निघायचं. आम्हाला समजायचं नाही, म्हणून आम्ही त्यांना मुद्दाम चिडवायचो. त्यांचा तास चित्रकलेचा असायचा, पण निम्मा वेळ आमच्या हातात पेन्सिल नसायची. स्टुलावर तांब्या ठेवायचे आणि म्हणायचे, "हात मागं बांधा. बघा." आम्ही बघायचो. पाच मिनिटांनी पोरं चुळबुळ करायला लागायची. मग एकेकाला उठवायचे. "काय दिसून राहिलं?"

"तांब्या, सर."

"ते नाव झालं. दिसतंय काय?"

"जुना तांब्या, सर. गरिबाघरचा."

"हे तुला वाटतंय. वाटतंय ते खिशात ठेव, नंतर काढू. दिसतंय ते सांग." मग कुणीतरी भीत भीत सांगायचं की काठाला चेप आहे, पोटावर खिडकी वाकडी दिसते. "हां, आता कसं!" म्हणायचे, आणि मग कुठं पेन्सिल मिळायची.

मी पेंटरची पोरगी, वर्गात माझ्यासारखा हात कुणाचा नव्हता, आणि ते मला पक्कं ठाऊक होतं. पहिल्या तांब्याला मी अशी झकास सावली दिली की बाकावरच्या पोरी बघत राहिल्या. सरांनी कागद हातात घेतला, तांब्याकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. "सावली कुठं काढलीस?"

"उजवीकडे, सर."

"खिडकी कुठं हाय?"

खिडकी उजवीकडेच होती. त्या पत्र्याच्या खोलीला एकच खिडकी, तिच्यातून ऊन येत होतं आणि तांब्याची सावली स्टुलावरून खाली उतरून डावीकडे लांब पसरली होती. अर्धा तास मी तिच्याकडं बघत होते, आणि मला ती दिसली नव्हती. वर्ग फिदीफिदी हसला. माझ्या कानाच्या पाळ्या गरम झाल्या. सर हसले नाहीत. म्हणाले, "हात चांगला हाय. पण हात डोळ्याच्या पुढं पळतो. त्याला जरा मागं धर."

नाटकही तेच बसवायचे, आणि तेही तसंच. संवाद शेवटी. आधी म्हणायचे, "उद्या येताना घरचं एक माणूस घेऊन या. अंगात." म्हणजे घरातल्या कुणाला तरी नीट बघायचं आणि दुसऱ्या दिवशी वर्गापुढं तसं करून दाखवायचं, नाव न सांगता. मी अम्मीला बघत बसले. तिनं दोरा ओठांत ओला केला, डावा डोळा मिटला, तोंड उघडं ठेवून श्वास धरला आणि सुईत ओवला. "क्या घूररी गे, नजर लगाती क्या?" म्हणून ती ओरडली. दुसऱ्या दिवशी मी वर्गात ते जसंच्या तसं केलं. माझ्या शेजारी बसणारी सुनंदा उठून म्हणाली, "शिवणारी बाई हाय. आन् हिला डाव्या डोळ्यानं दिसत न्हाई."

"काहीतरीच," मी म्हणाले.

"मग भाकरी थापतानाबी डावा डोळा का मिटलास?"

मी भाकरीचंही केलं होतं, आणि तिथंही डोळा मिटला होता, कारण अम्मी मिटायची. घरी जाऊन मी अम्मीचा उजवा डोळा हातानं झाकला आणि विचारलं, किती बोटं? तिनं माझा हात बाजूला सारला. कित्येक महिने तिला त्या डोळ्यानं धुरकट दिसत होतं आणि तिनं कुणाला सांगितलं नव्हतं. दवाखान्यात नेलं, पुढं तिचं ऑपरेशन झालं, पण ते राहू दे. सांगायचं ते सुनंदाचं.

सुनंदा किल्लारीजवळच्या एका गावची. भूकंपात तिचे आजोबा आणि धाकटी बहीण गेली. मायबाप वाचले, ते गावाकडं शेडात राहायचे आणि हिला मामानं लातुरात आणून शाळेत घातलं होतं. हे सगळं तिनं मला पहिल्याच दिवशी डब्यातला धपाटा तोडता तोडता सांगितलं आणि पुन्हा कधी विषय काढला नाही. बाकी तिच्या तोंडाला खीळ नव्हती. मास्तरांच्या चपला, पोरींच्या वेण्या, माझं अक्षर, सगळ्यावर ती बोलायची. लई फटकळ. मला ती फार आवडायची आणि तिचा फार रागही यायचा.

त्या वर्षी गॅदरिंगला पाहुणे येणार म्हणून हेडसरांनी फर्मान काढलं: नाटक भूकंपावर करा. बिराजदार सरांच्या मनात नव्हतं, पण नोकरी होती. सुनंदाच्या वाट्याला घरच्या सुनेचं काम आलं. तिनं हाव म्हटलं आणि बसली. पडदा मी रंगवणार होते. घरी सांगितलं तर अब्बांनी ब्रश माझ्या हातातून काढून घेतला. "तेरा आखरी काम है ना? फिर अच्छा होना. मैं करतूं, तू छाव भर." अम्मीनं चार जुन्या चादरी जोडून शिवल्या. तीन दिवस अब्बांनी दोन क्लासवाल्यांना ताटकळत ठेवलं आणि अंगणात वाकून पडदा रंगवला. मोठी दगडी भिंत, तिला वरपासून खालपर्यंत विजेसारख्या भेगा, मागं लाल आभाळ. प्रत्येक भेगेच्या उजवीकडे मी सावली भरली. राबताना अब्बांना एवढं खूश मी कधी बघितलं नव्हतं. वाकड्या मनगटाला पंचा बांधून ते गुणगुणत होते. मला वाटलं, पाहुण्यांनी या पडद्याची तारीफ केली तर कदाचित अब्बांचं मन फिरेल. खोटं कशाला बोलू, देवाकडं मी तेवढंच मागत होते.

गॅदरिंगच्या आदल्या दिवशी पडदा लावून तालीम होती. पोरं "वा वा" करत होती. सुनंदा आली, पडद्यासमोर उभी राहिली आणि नुसती बघत राहिली.

"काय दिसून राहिलं?" सरांनी विचारलं.

"भिंत," ती म्हणाली. "भेगा पडलेली."

"मग?"

"आमच्या गावात भिंतच उरली न्हवती, सर. भेग कशाला पडंल? दगडमातीची भिंत, ती बसली खाली. सगळा ढीग. दार तेवढं उभं होतं. चौकटीसकट, कडी लावलेलं." मग नेहमीच्या आवाजात, बाजारहाट सांगावा तसं तिनं सांगितलं की तिची माय कितीतरी दिवस त्या दारातूनच आत-बाहेर करायची. डाव्या अंगाला मोकळं, उजव्या अंगाला मोकळं, पण ती कडी काढायची, आत जायची, आणि निघताना कडी लावून निघायची. बाप ओरडला, अगं बाजूनं ये की. तर म्हणाली, घर हाय ते, उकिरडा हाय का कुठूनबी शिरायला?

पोरांची वा वा थांबली. माझ्या डोक्यात मात्र तिडीक गेली. "तू काय पेंटर आहेस का? तीन दिवस लागलेत माझ्या अब्बांना," मी म्हणाले. "प्रेक्षकाला भेग दिसली तरच भूकंप कळतो."

"मग भेगाच दाखव," सुनंदा म्हणाली. "मी त्याच्यापुढं उभी राहणार न्हाई."

मी सरांकडं बघितलं. मला वाटलं, ते तिला झापतील, नाहीतर मला. सर खाली बसले, चष्मा पुसला आणि म्हणाले, "बघितलंय तिनं. पडदा तुझा हाय. मी काय सांगणार न्हाई. तूच ठरव."

असा राग आला मला त्या माणसाचा! पंधरा वर्षांच्या पोरीवर एवढं ओझं टाकतात होय? पुढं मी स्वतः शिक्षिका झाले, तेव्हा मुलांवर असं काही सोडायची वेळ आली की मला ते ओझं आठवायचं, आणि तरी मी सोडायचेच. त्या दिवशी मी पडद्यासमोर कितीतरी वेळ उभी राहिले, हात मागं बांधून. मला भिंत दिसत होती, लाल आभाळ दिसत होतं, आणि सगळ्या सावल्या उजवीकडे. गावातलं एकही माणूस त्यात दिसत नव्हतं. मी स्टुलावर चढले, दोऱ्या सोडल्या, पडद्याची घडी घातली. शाळेच्या मागं मोडक्या वर्गाची एक चौकट दारासकट पडली होती, ती शिपायानं आणि पोरांनी उचलून आणली. घरी मी काही सांगितलं नाही. अब्बांनी विचारलं, "परदा जम्या?" मी मान हलवली. ती कशी हलवली ते माझं मलाच माहीत.

दुसऱ्या दिवशी चार वाजता मैदानावर नाटक झालं. अब्बा इस्त्रीचा शर्ट घालून, केसांना तेल लावून मागच्या रांगेत बसले होते. शेजारच्या दोघातिघांना त्यांनी हमखास सांगितलं असणार की परदा माझा आहे. स्टेजवर काहीच नव्हतं, नुसतं एक बंद दार. ऊन उजव्या अंगानं येत होतं आणि चौकटीची लांब सावली डावीकडे पडली होती. सुनंदा डोक्यावर पदर घेऊन आली, दारासमोर थांबली, कडी काढली, आत गेली. पुढची पोरं खो खो हसली, कारण चहूकडून मोकळंच तर होतं. ती चुलीपुढं बसली, तिनं भाकरी थापली, दोन पानं वाढली. एक आजोबांचं, एक लहान. थोडा वेळ बसली. मग दोन्ही पानं झाकली, उठली, बाहेर आली आणि चालायला लागली. तेवढ्यात बायकांच्या रांगेतून एक म्हातारी मोठ्यानं ओरडली, "अगं कडी! कडी लाव की बाई!" सुनंदा वळली, परत आली आणि तिनं कडी लावली. ती विसरली होती की तिनं मुद्दाम केलं, हे तिनं मला कधीच सांगितलं नाही.  पाहुणे डोळे पुसत होते म्हणे. मी बघितलं नाही, मी मागची रांग बघत होते. अब्बांची खुर्ची रिकामी होती.

घरी आले तर ते अंगणात बोर्डाला दुसरा हात मारत बसले होते. "परदा किदर है?" एवढंच विचारलं. मी घडी पुढं ठेवली. त्यांनी माझे ब्रश पेटीत टाकले, झाकण लावलं आणि घडी वर ठेवली. अम्मी म्हणाली, "तीन दिन कमर तोडी तेरे बापने, और तू..." आणि तिनं डोळ्याला पदर लावला. मला रडू फुटलं. सगळं संपलं होतं, आणि वर अब्बांची चारचौघांत मान खाली गेली ती माझ्या हातानं. खिचडी झाली होती, कुणी नीट जेवलं नाही.

दोन दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी शाळेतून आले तर पडदा अंगणात पसरलेला आणि अब्बा त्याच्या कडेला उकिडवे बसलेले. "इदर बैठ," म्हणाले. मी बसले. अब्बा भेगांकडं बघत सावकाश बोलले. "नवे गांव में घरां के नंबर डालने गया था ना मैं, किल्लारी के बाजू में? पुराने गांव में से रस्ता था. वो लडकी नाटक में दिखाई वैसे दरवाजे, मैं देख्या था. खडे थे. एक कू तो मैं साइकल टिकाया, उस के छाव में बैठ के रोटी खाया."

"फिर अब्बा?"

"फिर क्या? घर कू आ के परदे पे दरारां निकाल्या." त्यांनी वाकडा हात डोळ्यांवरून फिरवला. "आंख देखी बेटा, हात ने सुन्याच नै."

 त्यांनी पेटी उघडली, माझे ब्रश काढले, वाळून कडक झाले होते ते रॉकेलमध्ये बुडवले आणि बोटांनी एकेक मोकळा केला. म्हणाले, "क्लास कू बी जाना. पर ये नक्को छोडना." अम्मीनं पुढं त्या पडद्यातून गाद्यांच्या खोळी शिवल्या, कितीतरी वर्षं आम्ही त्या भेगांवर झोपलो.

क्लासला मी गेले. मार्क पडले ते मेडिकलला पुरणारे नव्हते, आणि त्याचं दुःख माझ्यापेक्षा गल्लीला जास्त झालं. पुढच्याच वर्षी शाळेनं चित्रकलेचे तास गणिताला दिले. बिराजदार सर मधल्या सुट्टीत लिंबाखाली तांब्या ठेवून बसायला लागले. येईल तो येईल. आम्ही सातजण जायचो. सुनंदा नर्स झाली, अजून फटकळ आहे, पेशंट तिला घाबरतात आणि तिलाच बोलावतात.

मी शिक्षिका होऊन नांदेडला आले, आणि रिटायर व्हायची वाट न बघता विष्णुपुरीच्या रस्त्याला दोन खोल्यांत आठवी ते दहावीच्या मुलांसाठी चित्र आणि नाटकाचा वर्ग काढला. वर नीटचा क्लास, खाली जेईईचा, मध्ये आम्ही. तेव्हा अब्बा थकले होते, हात कापायचा, आणि सगळ्या रस्त्यावर फ्लेक्स लागले होते. तरी म्हणाले, बोर्ड मीच लिहिणार. लिहायच्या आदल्या दिवशी सकाळी रस्त्याच्या पलीकडे खुर्ची टाकून बसले. चहा दिला, घेतला. जेवायला बोलावलं, आले नाहीत. नुसते बघत होते. संध्याकाळी विचारलं, "तेरे बच्चे कब आते?"

"सकाळी नऊला."

"हौ," म्हणाले. दुसऱ्या दिवशी दोन पोरांनी शिडी धरली आणि त्यांनी बोर्ड लिहिला. अक्षरं जराशी हलली आहेत, जवळून दिसतं. अजून कुणी ना कुणी पालक येतात आणि सांगतात, मॅडम, तुमच्या बोर्डाची सावली उलटी पडलीये, डावीकडे आहे, दुरुस्त करून घ्या. मी म्हणते, उद्या सकाळी नऊला या आणि समोर उभं राहून बघा. बहुतेक जण येत नाहीत. जे येतात ते बघतात, की ऊन पलीकडच्या इमारतीवरून उजव्या बाजूनं उतरतं, खिडकीच्या गजांची सावली डावीकडे पडते, आणि तिच्याच रेषेत, तेवढीच तिरपी, बोर्डावरच्या माझ्या नावाची.